नारळी पुनवेनं मला फळ्यासमोर उभं केलं

मंडळी, आज मी माझ्याच वर्गात हरले आणि घरी येईपर्यंत हसू आवरत नव्हतं!

नववीला मी प्राचीन जगाचा इतिहास शिकवते. पहिल्याच दिवशी मुलांना एक अट घातली होती. इथे पुराव्याशिवाय बोलायचं नाही. जो बोलेल, त्याने फळ्यावर लिहायचं, "पुरावा आणतो."

स्टाफरूममध्ये लगेच टोमणा आला, "मॅडम, मुलं डोक्यावर बसतील!"

आज मी रंगात येऊन सांगत होते, "ऐन आषाढात रोमन व्यापाऱ्यांची जहाजं आपल्या किनाऱ्याला लागायची."

मागच्या बाकावरची तन्वी उठली. तिचे वडील मासेमारी करतात. ही पोरगी आजवर वर्गात कधी बोललीच नव्हती.

"बाई, आषाढात आमची होडी किनाऱ्यार वर वडून ठेवलेली असता. नारळी पुनवेआधी दर्यात कोण जाता? तुमचो पुरावो खंय आसा?"

माझ्याकडे पुरावा नव्हता. मी खडू उचलला आणि सगळ्यांसमोर लिहिलं, "पुरावा आणते."

मधल्या सुट्टीत ग्रंथालयातलं पुस्तक शोधलं. जहाजं आषाढाच्या सुमारास तिकडून निघायची, पण आपल्याकडे पोचायची पावसाचा जोर ओसरल्यावर. पोरीचंच खरं! सुट्टीनंतर वर्गात पुस्तकातला तो उतारा तिलाच मोठ्याने वाचायला लावला. टाळ्या थांबेनात.

तुम्हाला शाळेत कधी असं विचारता आलं होतं का?

आणि हो, स्टाफरूमवाल्यांनो, आज एक मुलगी खरंच डोक्यावर बसली. बसू दे. तिथून तिला समुद्र माझ्यापेक्षा लांबवर दिसतो.