जिवंत असलेल्या कुत्र्याचा मालक

गोरेगाव पूर्वेला जनावरांच्या एका छोट्या दवाखान्यात मी रिसेप्शनला काम करते. सापडलेल्या कुत्र्यामांजरांचे मालक शोधणं हे कधी माझं काम झालं ते मलाही कळलं नाही. डॉक्टरांना वेळ नसतो, कंपाउंडर फोनवर बोलायला लाजतो, मग उरते मी. पूर्वी मला हे काम आवडायचं. हरवलेलं पोर घरी पोचवल्यासारखं वाटायचं. त्या काळ्या लॅब्राडॉरनंतर तसं वाटणं बंद झालं.

सकाळी फिरायला जाणाऱ्या एक बाई त्याला ओढणी बांधून घेऊन आल्या होत्या. जवळच्या फिल्म स्टुडिओच्या मागच्या रस्त्यावर बसलेला दिसला म्हणाल्या. म्हातारा होता, तोंडाभोवती पांढरा झालेला, बरगड्या वर आलेल्या. डॉक्टरांनी मानेवरून मशीन फिरवलं तर आत चिप निघाली. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी असते ती, नंबरवरून मालकाचं नाव-पत्ता कळतो. आम्ही सगळे खूश झालो. आता काय, एक फोन लावायचा की झालं.

फोन लावला तर साकीनाक्याचा एक वेल्डर निघाला. मागे यंत्राचा आवाज चालू होता.

"ताई, हा नंबर आता माझा आहे. त्या माणसाला सगळेच शोधतात. मागे एकदा बँकवाले, एकदा लग्नाचं आमंत्रण. कुत्र्याचं तुम्हीच पहिल्या."

मग राहिला अंधेरीचा पत्ता. सुट्टीच्या दिवशी गेले. बिल्डिंग नव्हतीच. चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले, आत खड्डा, वर नव्या टॉवरचं चित्र. त्या चित्रात हिरवळ होती आणि हिरवळीवर एक कुत्राही होता. गेटवरच्या वॉचमनला मोबाइलमधला फोटो दाखवला. तो म्हणाला, "पुराने लोगों का अपने को नहीं मालूम. सामनेवाली चाल में आंटी है, उनको पूछो."

समोरच्या चाळीत दारात तांदूळ निवडत बसलेल्या मालवणी बाईंनी फोटो पाहिला आणि ताट बाजूला ठेवलं.

"अगो, ह्यो खंय गावलो तुका? ह्यो तर म्हाताऱ्याचो कुत्रो!"

त्यांनी सगळं सांगितलं. पाडलेल्या बिल्डिंगीत एक रिटायर झालेले गृहस्थ राहायचे. बायको वारलेली. सकाळ-संध्याकाळ कुत्रा आणि ते, ते आणि कुत्रा. रिडेव्हलपमेंट लागलं तसं मुलानं बोरिवलीला भाड्यानं घर घेतलं आणि सगळे तिकडे गेले. बाईंनी सोसायटीचं नाव सांगितलं आणि मुलाचा नवा नंबरही दिला. मी निघताना म्हणाल्या, "म्हाताऱ्याक सांग गो, खूश होतलो."

मी रस्त्यावरूनच फोन लावला. मनात वाक्यसुद्धा तयार होतं, तुमच्यासाठी एक गोड बातमी आहे वगैरे.

मुलानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तो बाबांचा होता."

"हो, मग कधी न्यायला येताय?"

"तसं नाहीये. इथले घरमालक कुत्रा चालवून घेत नाहीत. मित्राच्या गोडाऊनवर ठेवला होता, गोरेगावला. तिथून सुटला बहुतेक."

"कधी?"

"झाले असतील दोन-तीन महिने."

"शोधलात?"

"मॅडम, माणसाला कामं असतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, बाबांना आम्ही सांगितलंय की तो गेला. डॉक्टरकडे नेला आणि तिथेच गेला म्हणून. फार रडले. आता कुठे सावरलेत. प्लीज, आता परत नको. तुमच्याकडे अशा कुत्र्यांची सोय असेल ना?"

आमच्याकडे सोय म्हणजे चार पिंजरे आणि एक मोरी. मी फोन कट केला. त्या क्षणी तो समोर असता तर काय केलं असतं, सांगता येत नाही.

कुत्रा दवाखान्यात खात नव्हता. वाडगं समोर ठेवलं की हुंगायचा आणि दरवाजाकडे तोंड करून बसायचा. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर टिकणार नाही. मी बोरिवलीला गेले. कुत्र्याला नेलं नाही. दारातून परत आणायची वेळ आली असती तर ते त्याला दुसऱ्यांदा टाकल्यासारखंच झालं असतं.

दार म्हाताऱ्या गृहस्थांनीच उघडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "जनावरांच्या दवाखान्यातून आलेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच विचारलं, "कुठे सापडला?"

मी हबकलेच. "तुम्हाला माहीत आहे?"

"बसा," म्हणाले. स्वतः पाणी आणलं. हॉलमध्ये एका कोपऱ्यात त्यांची घडीची कॉट होती, तिच्याखाली त्यांची बॅग. ते कॉटवर बसले.

"मुलगा म्हणाला, डॉक्टरकडे नेला आणि तिथेच गेला. पण त्याचं जेवायचं भांडंही घरातून गेलं होतं. आणि अंथरूण. मरायला टेकलेल्या कुत्र्याचं भांडं कोण बरोबर नेतं हो?"

"मग तुम्ही विचारलं का नाहीत?"

"विचारून पुढे काय?" ते अगदी शांतपणे म्हणाले. "तो खोटं बोलला हे मला कळलंय, हे त्याला कळलं की आम्ही दोघांनी एका घरात राहायचं कसं? मला जायला दुसरी जागा नाही. म्हणून रडलो. चांगला रडलो. त्यांनाही बरं वाटलं."

मी म्हटलं, "काका, निदान एकदा बघायला तरी या. मी रिक्षानं नेते, परत आणून सोडते."

त्यांनी माझा रिकामा पेला उचलून आत ठेवला. मग म्हणाले, "मी आलो तर तो माझ्याबरोबर निघेल. त्याला कसं समजावू, की बाबा रे, तू मेलायस?"

मग त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. कोरडं खाणं देऊ नका, पोळी दुधात कुस्करा. डाव्या कानात औषध घालताना कुरकुरतो, पण चावत नाही. फटाक्यांच्या दिवसांत बाथरूममध्ये जागा करून द्या. मी माझा नंबर देऊ केला तर नको म्हणाले. सूनबाई मोबाइल बघते, चार प्रश्न होतील. आणि मग घाईनं, "तुम्ही निघा आता, तिची यायची वेळ झालीय."

दूध-पोळी त्यानं खाल्ली. पुढे मी त्याला माझ्याच घरी नेलं. आमच्या सोसायटीतही त्यावरून कटकट झाली, लिफ्टमधून नेऊ नका, जिन्यात बसवू नका. मीही भांडून घेतलं. लोक म्हणायचे, किती पुण्याचं काम करता हो. मला ते ऐकवत नसे. एका माणसाचा कुत्रा माझ्याकडे होता आणि तो माणूस तीन स्टेशनांवर जिवंत होता, यात पुण्य कसलं?

दरम्यान मुलानं दवाखान्याला इंटरनेटवर पाच स्टार दिले. लिहिलं होतं, स्टाफ फार प्रेमळ, प्राण्यांची मनापासून काळजी घेतात. डॉक्टरांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि मला म्हणाले, अगं, आभाराचं काहीतरी लिही खाली. मी लिहिलं, धन्यवाद. नोकरी होती.

कुत्रा पुढच्या थंडीत गेला, माझ्या स्वयंपाकघराच्या दारात, झोपेतच. बोरिवलीला कळवावं असं फार वाटलं. घरी पुन्हा जावं तर दार सूनबाई उघडायची, आणि माझ्याजवळ फक्त मुलाचा नंबर होता. लावला असता तर त्यानं सुटकेचा श्वास सोडला असता आणि बाबांना काहीच सांगितलं नसतं. आणि समजा सांगितलं असतं, तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं, आणि त्या दोघांना एकाच घरात राहायचं होतं. मी फोन लावला नाही.