आबांनी सांगितलेलं रीळ

चहा पिऊन झाला की पेटीवाले आबा तोंडातली कवळी काढायचे, त्याच ग्लासात पाणी ओतून विसळायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. "फेकानं कसाले? चहानी चव शे त्यामा." हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मी धुळ्यातल्या एका टॉकीजचा मॅनेजर होतो. त्या काळी सिनेमाची रिळं लोखंडी पेट्यांत भरून भुसावळच्या वितरकाकडून यायची. पेट्यांसोबत त्यांचा एक माणूस यायचा आणि पिक्चर उतरेपर्यंत टॉकीजवरच राहायचा. आमच्या वाट्याला आबा आले होते. माझ्या ऑफिसातल्या बाकावर ते झोपत, माझ्या टॉवेलला तोंड पुसत आणि पेटीच्या किल्लीने कान कोरत. तंबाखूचा तोबरा चोवीस तास. थुंका तरी एकदा, म्हटलं की म्हणायचे, "रिकामं तोंड खोटं बोलस, मॅनेजर."

एका दिवाळीला आमच्याकडे विनोदी पिक्चर लागणार होता. एक टापटीप कारकून आणि एक गबाळा भटक्या जीपमधून सुट्टीला निघतात, अशी गोष्ट. पाडव्याला दुपारी तीनचा पहिला खेळ. आदल्या वर्षी आबा कुणाच्या तरी पंगतीला उतरले होते आणि पेटी दुसऱ्या दिवशी पोचली होती. म्हणून मालकांनी मलाच भुसावळला धाडलं. "पेटी तीनच्या आत नाही आली, तर तुम्हीही येऊ नका." मालक बोलले की तसंच करायचे.

पाडव्याला पहाटेच आबा आणि मी पेट्या घेऊन भुसावळहून निघालो. दिवाळीच्या गर्दीत एसटीचा टप सामानाने भरलेला. कंडक्टरने पेट्या चढवू दिल्या नाहीत. आबांनी कुठून तरी केळीचा ट्रक थांबवला. पेट्या मागे घडांवर, आम्ही पुढे. खिडकीकडे आबा, मधे मी. जळगाव यायच्या आत त्यांनी बाहेर मारलेली पिचकारी वाऱ्याने परत येऊन माझ्या नव्या पांढऱ्या शर्टावर बसली. एरंडोलपर्यंत त्यांचे अनवाणी पाय काचेला टेकलेले आणि केळीची सालं माझ्या मांडीवर. मी नाकाला रुमाल लावून घड्याळ बघत होतो.

"घाबरतस कसाले? पेटीले काय पाय शेतस?"

पारोळ्याला ढाब्यावर ट्रक थांबला. आबांनी मागे चढून पेटीतला रिळाचा चपटा डबा काढला, मांडीवर आडवा ठेवला आणि त्यावर भज्यांचा कागद पसरला. तेल डब्यावर ओघळत होतं. हात तरी धुवा, मी ओरडलो.

"भूक लागनी का समदं चोखं!"

मी तोंड फिरवून रस्त्याकडे जाऊन उभा राहिलो.

वेळेत पोचलो. पेट्या बरोबर होत्या, मी मोजल्या. पेटीतले डबे ऑपरेटरने मोजले ते मध्यंतरात. मध्यंतरानंतरचं पहिलंच रीळ नव्हतं! ते पारोळ्याला भज्यांखाली राहिलं होतं. हाऊसफुल्ल गर्दी शिट्ट्या मारायला लागली. पाडव्याला धुळ्याची पब्लिक खुर्च्या मोडायला वेळ लावत नाही. वर बाल्कनीत मालक सहकुटुंब बसलेले. माझी नोकरी मला दारातून बाहेर जाताना दिसत होती.

आबा पडद्यापुढे जाऊन उभे राहिले. कोपऱ्यात थुंकले. आमच्या धुतलेल्या स्टेजवर.

"भाऊसहोन, मशीन तपनं शे. तवलोंग पुढलं मी सांगस!"

पुढचं त्यांनाही माहीत नव्हतं. नवा पिक्चर, कुणीच पाहिला नव्हता. मग त्यांनी त्या कारकुनाच्या नावावर आमचाच प्रवास सांगायला सुरुवात केली. "हाऊ साहेब नाकवर रुमाल धरीसन बठना, अन् कोठे? केळाना ट्रकमा!" ते माझ्यासारखे खांदे आखडून बसले, माझ्यासारखं घड्याळ बघितलं, शर्ट झटकला. लोक खुर्च्यांवर चढून हसत होते. मालक डोळे पुसत होते. मी दाराशी उभा. इतकी किळस मला कधी आली नव्हती, आणि माझी नोकरी वाचत होती. उरलेली रिळं लागली तेव्हा लोक अजून आबांच्याच गोष्टीला हसत होते.

डब्यावर भुसावळचा पत्ता होता. ढाबेवाला प्रामाणिक, त्याने डबा तिकडच्या एसटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी वितरकाचा नवा माणूस ते तेलकट रीळ घेऊन आला आणि म्हणाला, आबांना कामावरून काढलंय, इथूनच घरी जायचं. मालकांनी भुसावळला फोन लावून पाहिला, मीही बोललो. उपयोग झाला नाही.

आबांनी पिशवी उचलली. "तुमनी नोकरी वाचनी ना? बस मंग." तंबाखू मळलेला ओला हात त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो धरला. ते गेल्यावर माझा हात साबणाने दोनदा धुतला.

त्या दिवशी खरं रीळ लावलं, तर आदल्या दिवशीचे लोक पुन्हा आले होते आणि ओरडत होते, "ट्रकवाला सीन कुठंय? पैसे परत द्या!"

"कोणता सीन?" नव्या माणसाने विचारलं.

तो नखं कापलेला, इस्त्रीतला, निर्व्यसनी माणूस. स्वतःचा टॉवेल, स्वतःचा पेला. पेटी कधी उशिरा आली नाही. बरीच वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. त्याचं नाव आता मला आठवत नाही.