ठोकली आणि ठोकतो

बदनापूर-जालना रस्त्यावर मी जन्मभर प्रवासी जीप चालवली. हेवी लायसन असून ट्रक का नाही चालवला, असं कोणी विचारलं की मी विषय बदलतो. आज नाही बदलत.

जालना नुकताच जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. मी एका ट्रकवर क्लीनर होतो. ज्याच्या हाताखाली होतो त्या ड्रायव्हरला सगळे उस्ताद म्हणत, मीही म्हणायचो. जालन्याहून लोखंडी सळया न्यायच्या आणि येताना मिळेल तो माल भरून आणायचा, हे आमचं काम. स्टिअरिंग त्यानेच माझ्या हातात दिलं. गिअर चुकला की शिव्या त्याच्याच खाल्ल्या, आणि लायसनच्या परीक्षेलाही तोच सोबत आला. तेवढ्यात आमच्या शेठने दुसरा ट्रक घेतला. त्यावर ड्रायव्हर लागणार होता आणि अख्ख्या स्टँडला वाटत होतं, ती गाडी मलाच मिळणार. आईने तर शेजारणींना सांगूनही टाकलं होतं, "आमचं पोरगं डायवर झालं." मीही तिला गप्प केलं नाही.

त्याच सुमारास उस्तादाच्या लेकीला बाळंतपणासाठी भोकरदनहून माहेरी आणायचं होतं. उस्तादाने गावातल्या मास्तरांची जुनी कार मागून आणली. "तूच चालव, हात बसंल," म्हणाला.

ट्रकवाल्यांची एक रीत आहे. गाडी मागे घेताना ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. मागे उभा असलेला माणूस ओरडत राहतो, "येऊ दे, येऊ दे," आणि ड्रायव्हर त्या आवाजावर गाडी घेतो. थांब म्हटलं की थांबायचं. आवाजावर संशय घ्यायचा नाही. मान वळवून बघायला लागलो की उस्ताद चिडायचा, "इस्वास न्हाई का माझ्यावर?" मला तीच सवय लागली होती.

व्याह्यांच्या अंगणात कार वळवायची होती. मागे उस्ताद उभा राहिला. "येऊ दे, येऊ दे," म्हणता म्हणता तो व्याह्यांशी बोलायला वळला, तोंड मात्र चालूच राहिलं. डिकी जाऊन हौदाच्या कठड्याला लागली. मागची लाल काच फुटली, पत्र्याला पोचा आला. लेक अजून घरात पिशव्या भरत होती, कोणाला साधं खरचटलंही नाही. उस्ताद हसला. "जाऊ दे, माझंच ध्यान न्हवतं. मास्तरला मी बघतो."

नवा ट्रक दारात आला त्या दिवशी शेठने मला बोलावलं. मी धुतलेला शर्ट घालून गेलो.

"तुझ्या उस्तादाला इचारलं म्या," शेठ म्हणाला. "तो म्हन्ला, पोरगं चांगलं हाय, पण गाडी ठोकतो."

ठोकतो! ठोकली म्हणाला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. ठोकली म्हणजे एकदा घडलं, झालं गेलं. ठोकतो म्हणजे हा माणूसच तसला. शेवटचं एक अक्षर बदललं आणि एका फुटक्या काचेची माझी सवय होऊन बसली.

"शेठ, ती मास्तरांची कार होती. मागं खुद्द उस्ताद उभे होते."

"मागं कोन का असंना. स्टिअरिंग तुझ्याच हातात व्हतं ना? ज्याला कार सांभाळली न्हाई त्याला ट्रक देऊ? बिलकुल न्हाई."

ती गाडी तीर्थपुरीच्या एका ड्रायव्हरला मिळाली. मी स्टँडवर दुसऱ्या मालकांकडे फिरलो. एकाने चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्याने लांबूनच हसत विचारलं, "काय रे, आज कुठं ठोकली?" तो शब्द माझ्याआधीच सगळीकडे पोचला होता. राग शेठचा आला नाही. त्याची गाडी, तो कोणालाही देईल. पण ज्याच्या आवाजावर मी मागे न बघता गाडी घेत होतो, त्यानेच माझा गळा कापला. ही आग आजही विझलेली नाही.

उस्ताद ट्रकच्या सावलीत भाकरी खात बसला होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, "तुम्ही शेठला काय सांगून आले?"

वाटलं होतं, शेठने वाढवून सांगितलं म्हणेल, निदान नजर तरी चुकवेल. त्याने मुठीने कांदा फोडला आणि अर्धा माझ्यापुढे केला.

"मंग काय करू?" तो म्हणाला. "तू नव्या गाडीवर गेला अस्ता तर माझ्यासंगं कोण? लय जण ठेवून बघितले म्या. कोणी झोपतंय, कोणी डिझेल चोरतंय. तू शेजारी असतो म्हणून मी निवांत गाडी चालवून राह्यलो. इंजिनाचा आवाज बदलला की माझ्याआधी तुला कळतं. तुझ्यासारखा बराबर मानूस मला पुन्हा भेटनार न्हाई."

मी कांदा घेतला नाही. इतकं चांगलं तो माझ्याबद्दल आजवर कधीच बोलला नव्हता. यातलं अर्धं जरी शेठसमोर बोलला असता, तरी ती गाडी माझी होती.