उजवीकडे पाहणारा पक्षी

कंपालातल्या छापखान्यांच्या गल्लीत, एका जिन्याखालच्या टेबलावर नासोझी बावीस वर्षं रबरी शिक्के कोरत होती. कोरायचं सगळं उलटं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. हात इतका बसला होता की शेजारचे थट्टेने म्हणत, हिला आता घरीही उलट्या पावलांनीच जावं लागतं. कार्यालयाचं पत्र पाहिल्याशिवाय शिक्का करायचा नाही, असा कायदा होता. नासोझी तो पाळायची. बहुतेक वेळा.

सुईणींच्या शाळेचा शिक्का मागायला आलेला माणूस पत्र उद्या आणतो म्हणाला. शर्टाला इस्त्री, बोलणं गोड. तिने करून दिला. तो गेल्यावर चाचणीचा ठसा नीट पाहिला, तर वरच्या तुरेवाल्या क्रौंचाचं, देशाच्या चिन्हातल्या पक्ष्याचं, तोंड डावीकडे हवं ते उजवीकडे. अक्षरं तिने उलटी कोरली होती आणि पक्षी मात्र नमुन्याबरहुकूम, सरळच. नवशिकेही अशी चूक दोनदा करत नाहीत. परत आला की फुकट दुसरा देऊ, असं तिने ठरवलं.

तो आला नाही. खऱ्या शाळेने दुसऱ्याच दिवशी शिक्का तिच्या टेबलावर आपटला असता, हे तिला तेव्हाच कळलं होतं. कळल्यावर तिने तो ठशाचा कागद शेगडीत घातला आणि जेवणाला मटोके, हिरवी केळी, शिजत ठेवली.

तीन वर्षांनी तिच्या लेकीला, किसाकयेला, सातवा महिना लागला. मुकोनोत नवं प्रसूतिगृह निघालं होतं. तिथली सुईण हसतमुख आहे, असं सगळे सांगत. दोघी गेल्या. बाकावर पाच बायका आधीच बसल्या होत्या. समोर चौकटीत सुईणीचं प्रमाणपत्र टांगलेलं. त्यावरच्या शिक्क्यातला क्रौंच उजवीकडे पाहत होता.

नासोझीने लेकीचा दंड धरला. चल, इथे कसला तरी वास येतोय, म्हणाली.

"तुला माझ्या लग्नातही वास आला होता, आई. बस गप."

मग डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, सरकारी दवाखाना बरा म्हणून पाहिलं. किसाकये हलेना. आतून तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती उठली. तेव्हा नासोझी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. आईला भेटताना लेकीने गुडघे टेकायचे, अशी तिथली रीत; उलट कधी कुणी पाहिलेलं नव्हतं. बाकावरच्या बायकांनी माना खाली घातल्या.

"तो शिक्का मी कोरलाय," नासोझी हळूच म्हणाली. "पत्र न बघता. ही बाई सुईण नाही."

किसाकये वळली. मग पिशवी उचलून दाराशी गेली आणि तिथे थांबली.

"आणि ह्या पाच जणी?"

नासोझीला त्या आठवल्याच नव्हत्या. तिने उठून तेच पुन्हा सांगितलं, ह्या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. आतल्या दाराची कडी लागली. तिथून नासोझी थेट पोलीस चौकीत गेली. जबाब लिहून घेणाऱ्याने विचारलं, चूक कळली तेव्हा का नाही आलात? 

खटला अजून चालू आहे. टेबल बंद आहे. नात सरकारी दवाखान्यात सुखरूप झाली. चाळिसाव्या दिवशी किसाकये तिला घेऊन आली, आजीच्या मांडीवर ठेवली, आणि उभ्यानेच म्हणाली, "कशी आहेस, आई?"

लेकीचे गुडघे दुखतात का, हे नासोझीने विचारलं नाही.