सुमीला पाहायला आलेला माणूस

शेलूबाजारच्या मामांनी मंडपाच्या धंद्यासाठी घेतलेलं कर्ज थकलं. बँकेनं कोर्टात जायची नोटीस पाठवली, म्हणून बोलणी करायला मी मामांकडे गेलो होतो. बँकेचा वसुलीवाला घरी आला. त्यानं दारातच गळ्यातलं कार्ड काढून खिशात घातलं. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "कोण पाहुणे?"

माझी जीभ घसरली. "आपल्या सुमीले पाह्यले आले."

मग पोहे करावेच लागले. मामांच्या सुमीनं माझं खोटं सांभाळायला साडी नेसली आणि बशी आणून ठेवली. वसुलीवाल्यानं मान वर केली नाही. कोर्ट टाळायचं तर हप्ते पाडून मागा, असं मामांना हळू आवाजात सांगितलं.

निघताना काकूंनी त्याला गाठलंच. "पसंत हाय का पोरगी?"

"पोरगी लाखात एक हाय," तो म्हणाला. "आमचंच घर तिले शोभत नाई."

गाडीपाशी मी त्याचे आभार मानायला गेलो.

"मी मुकाट्यानं गेलो असतो तं लोक म्हणले असते, पोरगी नापसंत झाली," तो म्हणाला. "तुमी तं तिचे भाऊ, तुमाले नाई सुचलं?"

मी घरात आलो. सुमी साडीतच बशा धूत होती.