शेऱ्याचा रकाना

अंधेरीतल्या आमच्या टीचभर कंपनीने एका वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट केली. सर्व्हरवरचं जावा प्रोग्रॅमिंगचं काम माझ्याकडे होतं. मंडळ चालवणाऱ्या बाईंना प्रत्येक स्थळाखाली फक्त स्वतःसाठी एक खाजगी रकाना हवा होता, शेऱ्याचा. काय काय लिहायच्या त्यात! ‘मुलगा बरा, पण आईसमोर तोंड उघडत नाही.’ ‘फोटो जुना, वजनाचं विचारून घ्यावं.’

मी आमच्या सरांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, डेटाबेसमधली अख्खी नोंद ब्राउझरकडे पाठवू नका. जे पडद्यावर दाखवायचंय तेवढंच भरून एक वेगळं छोटं ऑब्जेक्ट करू, त्याला डीटीओ म्हणतात. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तर आपण तिला कपाट उचलून देत नाही ना! सर हसले. म्हणाले, "अगं, तेच नाव इथून काढायचं आणि तिथे घालायचं? ही कसली हमाली? शेरा स्क्रीनवर दिसतोय का? नाही ना? मग झालं तर!" कंपनी त्यांची, त्यामुळे अक्कलही त्यांचीच.

त्यात आमच्या मातोश्रींनी त्याच मंडळात माझ्या धाकट्या बहिणीचं नाव घातलं. मी नको नको म्हणत राहिले, पण आमच्या मुलुंडमध्ये त्या बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, माझं कोण ऐकतंय? बहिणीचा साखरपुडा आधी एकदा मोडला होता. तिनेच मोडला, कारण तो हिरो तिच्यावर हात उगारायला लागला होता. आईने हे बाईंना विश्वासाने, अगदी हळू आवाजात सांगितलं.

मग बोरिवलीचं एक स्थळ आलं. मुलगा वेब डेव्हलपर. कोथिंबीर वडी तोंडात असतानाच बहिणीला विचारतो, "ते पहिल्याचं नक्की काय झालं होतं? म्हणजे ‘मुलगी म्हणते मारलं, खरंखोटं देव जाणे’ असं लिहिलंय ना तिथे." आई पांढरीफटक पडली. बहीण उठून आत गेली.

"कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

"साइटवर. स्क्रीनवर नाही दिसत, पण ब्राउझरमध्ये मागून सगळं येतं की! कुणी बनवलीय यार, पार वाट लावलीय."

"मी," म्हटलं. पुढची वडी त्याने उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांच्या चिरंजीवांचं नावही त्याच मंडळात होतं, कारण साइट बनवणाऱ्यांना नोंदणी फुकट. म्हटलं, "सर, तुमच्या मुलाचं स्थळ उघडा जरा." त्यांनी कौतुकाने उघडलं. सर्व्हरकडून काय येतं ते ब्राउझरमध्ये कसं बघायचं, ते मी दाखवलं. शेरा होता: ‘मुलगा गुणी. वडील स्वतःला फार शहाणे समजतात. मुलगी देणाऱ्याने विचार करावा.’

"हे कुणाकुणाला दिसतं?" सरांनी विचारलं.

"ज्याला बघायचंय त्याला."

त्याच दिवशी डीटीओ सर्व्हरवर चढला. हमालीचं नाव कुणी काढलं नाही. उलट मंडळाच्या बाईंना फोन करून सर छाती फुगवून म्हणाले, "प्रायव्हसीच्या बाबतीत आम्ही फार कडक, मॅडम." मला असा संताप आला ना, वाटलं तो फोन घेऊन खिडकीतून भिरकावून द्यावा. माझ्या बहिणीचं आयुष्य चघळून झालं तेव्हा यांना काही नव्हतं, स्वतःचं शहाणपण चव्हाट्यावर आलं तेव्हा कडक झाले.

घरी आले आणि बहिणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आता तो शेरा कुणालाही जात नाही. मी स्वतः तपासलंय."

"बाईंना दिसतो?"

"त्यांना दिसणारच गं. त्यांचाच रकाना आहे."

"म्हणजे ‘खरंखोटं देव जाणे’ तसंच आहे तिथे?"

"आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. "मग ताई, तू दुरुस्त काय केलंस?"