फोटोवाले भाऊजी

माझ्या ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा आईला मुलगा पसंत होता, घर पसंत होतं, फक्त नोकरी पसंत नव्हती. मुलगा हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. त्या मशीनपाशी राहून माणसाला मुलं होत नाहीत आणि चाळिशीच्या आत डोक्यावर केस राहत नाहीत, असं शेजारच्या मावशींनी आईच्या कानात घातलं होतं. आईने ते ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "केसांचं नंतर बघू." पुढे तिला तीन मुलं झाली. भाऊजींचे केस मात्र गेले. पण ते भाऊजींच्या वडिलांचेही गेले होते, आणि ते शाळामास्तर होते.

भाऊजींच्याच ओळखीने मी त्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीत लागले. तिथे बसल्यावर कळलं, की इथल्या प्रत्येकाबद्दल लोकांनी आधीच काहीतरी ठरवून टाकलेलं असतं. डॉक्टर म्हणजे मान वर न करता लिहिणारा. सिस्टर म्हणजे सुई टोचून वर दरडावणारी. कंपाउंडर म्हणजे बाटलीत रंगीत पाणी भरणारा. आणि खिडकीतली बाई म्हणजे तोंडाळ. माझ्याबाबतीत ते फारसं चुकीचं नव्हतं, हे कबूल करते. भाऊजींना सगळे फोटोवाले म्हणत. लोक केस विंचरून, पावडर लावून यायचे. एका आजोबांनी छातीचा एक्स-रे काढताना विचारलं होतं, "हसू का?" भाऊजी म्हणाले, "हसा की. फुप्फुसांना दिसणार नाही, पण मला बरं वाटेल."

डॉक्टर मंडळी तेवढंही म्हणत नसत. त्यांच्या लेखी भाऊजी म्हणजे बटण दाबणारा माणूस.

बटणाचं काम सगळ्यात सोपं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्यामागे डार्करूम होती, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. लाल दिवा, तीन टाक्या, आंबूस वास. अंधारात फिल्म चौकटीला अडकवायची, पहिल्या टाकीत बुडवायची, मनात आकडे मोजायचे, मग पाण्यात, मग तिसऱ्या टाकीत. बरगड्या हळूहळू उमटायच्या. मला ते बघताना दर वेळी देवाचं नाव तोंडात यायचं. भाऊजी चिडवायचे, "मेव्हणीबाई, देवाने आधीच करून ठेवलंय. आपण फक्त बघतोय."

त्यांच्या कामात एक चूक अशी होती जी दुसऱ्या कुणाच्या हातून होणारच नाही. शिशाची दोन छोटी अक्षरं असत, एक डाव्यासाठी, एक उजव्यासाठी. फोटो काढताना त्यातलं एक फिल्मच्या पेटीवर चिकटवायचं, म्हणजे नंतर बाजू कळते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी एका सुताराच्या मनगटाला उलटं अक्षर लावलं. प्लास्टर चांगल्या हाताला चढायला निघालं. सुतार ओरडला म्हणून निभावलं. मोठ्या डॉक्टरांनी वहीत शेरा मारला आणि सांगितलं, "पुन्हा असं झालं तर रेकॉर्ड रूम." रेकॉर्ड रूम म्हणजे तळघरातली जुन्या कागदांची खोली. तिथे गेलेला माणूस मशीनकडे परत आला नव्हता.

तेव्हापासून भाऊजी प्रत्येक पेशंटला सांगायचे, "उजवा हात वर करा." हात वर झाला की मगच अक्षर चिकटवायचे. बाहेरचे लोक हसायचे, "आत शपथविधी चाललाय."

अशी सहा वर्षं गेली. एक दिवस एक शिंपीण आली. तीन आठवडे खोकला. मोठ्या डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि छातीचा एक्स-रे लिहून दिला. भाऊजींनी काढला. थोड्या वेळाने डॉक्टर फिल्म हातात धरून स्वतः खाली आले. माझ्या खिडकीसमोरच उभे राहून त्यांनी भाऊजींना बोलावलं.

"हृदय कुठल्या बाजूला असतं हो?"

"डावीकडे, साहेब."

"मग इथे उजवीकडे कसं गेलं? पुन्हा काढा. अक्षर नीट लावून."

पुन्हा काढला. पुन्हा तसाच. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि भाऊजींच्या हातात परत दिली. "उद्या सकाळी तळघराची किल्ली घ्या माझ्याकडून," एवढंच बोलून ते वर गेले.

भाऊजी माझ्या खिडकीशी आले. चेहरा उतरलेला होता. "मेव्हणीबाई, तिने हात वर केला तेव्हा तिचं तोंड माझ्याकडे होतं की भिंतीकडे? छातीच्या फोटोला माणूस पाठमोरा उभा राहतो. मीच गोंधळलो असेन."

"दोन्ही वेळा?"

"एकदा गोंधळलेला माणूस दुसऱ्यांदाही गोंधळतो."

त्यांचा स्वतःवरच विश्वास उरला नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली. रेकॉर्ड रूममध्ये पगार तेवढाच मिळाला असता. पण या माणसाला ते काम सोडून दुसरं काही येत नव्हतं, आवडतही नव्हतं. मी म्हटलं, "अहो, ती बाई बाकावर बसलीय अजून. तिलाच विचारा ना."

"काय विचारू? बाई, तुमचं हृदय कुठंय?"

"हो. तेच."

विचारायला त्यांना संकोच वाटला, म्हणून मीच गेले. शेजारी बसले आणि म्हटलं, "ताई, जिना चढल्यावर धडधड कुठे कळते तुम्हाला?"

तिने उजव्या छातीवर हात ठेवला. मी तिला विचारून माझा हात तिथे ठेवला. तळव्याखाली ठोके पडत होते, अगदी स्वच्छ. डावीकडे ठेवला तर काहीच नाही.

"हे नेहमी इथेच असतं?"

"इथेच की. शिलाईचं मशीन चालवताना उजव्या दंडाला लागतं. सगळ्यांचं इथेच असतं ना?"

"इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही. आणि सांगायचं काय त्यात?"

भाऊजी दोन पावलांवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं धावत वर जातील, पण ते तिथेच घुटमळले. "डॉक्टरांना मी सांगू? बटण दाबणारा, हृदयाबद्दल?"

"मग काय मी सांगू, केसपेपरवाली?"

तेव्हा हसले जरा. दोन्ही फिल्मा घेतल्या आणि जिना चढले. मीही मागोमाग गेले, खिडकी तशीच उघडी टाकून. मनात देवाला म्हणत होते, यांना आज नीट बोलता येऊ दे.

नीट नाही बोलता आलं. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. भाऊजी म्हणाले, "साहेब, फोटो बरोबर आहे. बाईच तशी आहे."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "आता तुम्ही मला शिकवणार?"

"नाही साहेब. तुम्ही एकदा पुढून ऐका. तुम्ही पाठीला ऐकलं होतं."

मग डॉक्टर उठले, खाली आले, आणि शिंपिणीसमोर चक्क स्टूल ओढून बसले. डावीकडे नळी ठेवली. बराच वेळ. मग उजवीकडे सरकवली. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. इतका कडक माणूस, पण त्या क्षणी एखाद्या शाळकरी मुलासारखा दिसला, पहिल्यांदा काहीतरी नवं पाहिल्यासारखा.

"बाई," ते तिला म्हणाले, "काळजी करू नका. एखाद्याचं हृदय जन्मतःच उजवीकडे असतं. खोकल्याचं औषध देतो, बाकी तुम्ही ठणठणीत आहात. फक्त कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी हे सांगायचं."

"बरं," ती म्हणाली, "पण मग सगळ्यांचं डावीकडे असतं? सगळ्यांचं?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "हिच्या केसपेपरवर वर मोठ्या अक्षरात लिहा, हृदय उजवीकडे. आणि खाली लिहा, कुणाच्या लक्षात आलं."

मी लिहायला लागले आणि घाईत 'भाऊजी' असं लिहून बसले. डॉक्टरांनी ते वाचलं. मी खोडून हुद्दा लिहिला, एक्स-रे टेक्निशियन.

माफी वगैरे काही झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी किल्लीचा विषय निघाला नाही, आणि दुपारी डॉक्टर स्वतः डार्करूमच्या दाराशी आले. "ओल्या फिल्मच बघू," म्हणाले, "वाळेपर्यंत कोण थांबणार?" मग ते रोजचंच झालं. पुढची अकरा वर्षं, डॉक्टर निवृत्त होईपर्यंत, दुपारी ते दोघं त्या चिमुकल्या खोलीत खांद्याला खांदा लावून उभे असायचे. पेशंट खिडकीशी येऊन विचारायचे, फोटोवाले कुठेत? मी म्हणायचे, "थांबा जरा. डॉक्टर त्यांना काहीतरी विचारतायत."